वाऱ्यास युद्धाची वाट कां पाहावी लागावी ?

परदेशांत कोठें तोफ धडाडली कीं आपल्याकडे ऊर्जास्वावलंबनाचीं व्याख्यानें सुरू होतात. तेल स्वस्त झालें कीं वक्ते घरीं जातात. आमचा आक्षेप या सवयीवर आहे. भीतीपोटीं धरलेला मार्ग भीतीबरोबरच सुटतो.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. अपारंपरिक ऊर्जेसाठीं दिल्लीस आयोग निघाला तो १९८१ सालीं. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली. युरोपानें रशियाच्या वायूचा आधार सोडून पवनचक्क्यांची घाई केली; आम्हांस तेंच रशियन तेल सवलतीनें मिळालें आणि धडा लांबणीवर टाकण्याची सोय झाली.

तेलाचा विजेशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध कोळशाचा आहे. त्याच वर्षीं परदेशी कोळसा महागला, देशी अपुरा पडला आणि एप्रिलांत महाराष्ट्रावर भारनियमन आलें. सांगलीच्या जत, कवठेमहांकाळ, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांस म्हैसाळ व टेंभू योजनांचें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें चढवून मिळतें. तेथें वीज म्हणजेच पाणी !

आणि वारा तर दारांतच आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर, सांगलींत ढालगांवाकडे पवनचक्क्या उभ्या आहेत. जुनीं, लहान शक्तीचीं यंत्रें बदलून मोठीं बसवावीं, असें धोरण केंद्रानें २०१६ सालीं काढलें आणि २०२३ सालीं पुन्हां काढलें. तेंच धोरण दोनदां काढावें लागतें, यांतच काय तें आलें.

वारा लहरी आहे, हा आक्षेप खरा, पण अपुरा. ऊन क्षीण असतें त्या पावसाळ्यांतच येथें वारा भरांत असतो. शिवाय शेजारीं १,९०० मेगावॅटहून अधिक क्षमतेची कोयना आहे. वारा असेल तेव्हां पाणी राखावें, पडेल तेव्हां सोडावें.

मात्र निकडीच्या नांवाखालीं माणसें तुडवूं नयेत. कोयनेसाठीं उठलेल्या गांवांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजून मिटलेला नाहीं. विचारपूर्वक केलेल्या कामास गांवकऱ्यांचा हिस्सा ठरविण्यास सवड असते. घाबरून केलेल्यास नसते.

जतच्या शेतकऱ्यास तहान लागण्यास युद्ध लागत नाहीं. मग त्याच्या पंपास वारा जोडण्यास तें कां लागावें ?