उघड्या पत्र्याची विमाने

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानाने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. त्याची इथली सेवाही चंडीगडलाच, १९६३ मध्ये, २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून सुरू झाली होती. मधल्या काळात आठशेहून अधिक मिग-२१ आपल्या दलात आली आणि त्यांतली बरीचशी नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली गेली. निरोपाच्या छायाचित्रांत सर्वांनी पाहिलेली विमाने करड्या छटांची होती. साठच्या दशकातल्या मिगच्या अंगावर मात्र रंग जवळजवळ नव्हताच. उन्हात तळपणारा ॲल्युमिनिअमचा पत्रा, नाकाचा गडद हिरवा शंकू, शेपटीच्या शेंड्याला तोच हिरवा रंग आणि केशरी-पांढरे-हिरवे गोल, एवढाच त्याचा साज. हे रूप हाताच्या पंजाएवढ्या मॉडेलवर उतरवणे, हे स्केल मॉडेलच्या छंदातले सर्वांत अवघड काम मानले जाते. ते अवघड का आहे, हे नीट समजून घेतले तर खऱ्या विमानांबद्दलही बरेच काही कळते.

चांगल्या चंदेरी रंगाची बाटली मिळाली की काम झाले, असा नवख्यांचा समज असतो. म्हणून एका कंपनीची बाटली फसली की दुसऱ्या कंपनीची मागवली जाते आणि तीही फसते. आमच्या मते दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसतो. रंगाखालचा पृष्ठभाग कच्चा राहिलेला असतो, किंवा खरे विमान पुरेसे निरखलेले नसते.

आधी पृष्ठभागाचे पाहू. साध्या हिरव्या किंवा करड्या रंगातले बारीक कण प्रकाश सगळीकडे विखरून टाकतात. त्यामुळे किरकोळ ओरखडा त्यात लपून जातो. धातुरंगात असतात त्या ॲल्युमिनिअमच्या अतिसूक्ष्म, चपट्या चकत्या. रंग वाळताना त्या पृष्ठभागाला समांतर अशा आडव्या पडतात आणि प्रत्येक चकती आरशासारखी प्रकाश एका दिशेला परतवते. पृष्ठभाग जिथे खचला असेल, फुगला असेल किंवा खरवडला गेला असेल तिथे चकत्यांची दिशा बदलते आणि नजर नेमकी तिथेच जाते. त्यात भर प्रमाणाची. मिग-२१ चा पंखविस्तार सुमारे ७.१५ मीटर, १/७२ प्रमाणात तो होतो जेमतेम १० सेंटिमीटर. अशा मॉडेलवर एक दशांश मिलिमीटरचा ओरखडा राहिला, तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटर रुंदीचा चर ठरतो. असे चर अंगावर घेऊन कुठलेही लढाऊ विमान उड्डाणाला निघत नाही.

म्हणून या कामातला मोठा वेळ रंगाची बाटली उघडण्याआधीच जातो. विमानाचे धड किटमध्ये दोन अर्ध्या भागांत येते. ते चिकटवल्यावर पाठीवर आणि पोटावर जी शिवण राहते ती नाहीशी करायची. साधी लांबी भरली तर ती प्लास्टिकपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, वरचा रंग शोषून घेते आणि चंदेरी रंगातून तिचा माग दिसत राहतो. म्हणून अनुभवी माणसे शिवणीत फेव्हिक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद भरतात आणि तो फार कडक होण्याआधी, त्याच दिवशी, घासून काढतात. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले तर तो भोवतीच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होतो आणि घासताना शिवणीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच खचते. मग वॉटर पेपर: ४०० पासून सुरुवात करून ६००, १०००, २००० असे चढत जायचे, मधला एकही टप्पा न गाळता, कारण प्रत्येक टप्प्याचे काम आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसणे हेच असते. घासून घासून स्वच्छ न केलेल्या भांड्याला कल्हई धरत नाही, हे आपल्याकडच्या जुन्या कल्हईवाल्यांना जसे पक्के ठाऊक होते, तसे ते धातुरंग देणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते. या टप्प्यावर मॉडेल दिव्याखाली तिरके धरून बघावे. समोरून गुळगुळीत वाटणारी शिवण तिरक्या उजेडात उघडी पडते.

त्यानंतर बहुतेक लॅकर जातीच्या धातुरंगांना खाली चकचकीत काळा थर लागतो. चंदेरी विमानाला आधी काळे करायचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, पण त्यामागचे कारण सरळ आहे. धातुरंगाचा थर इतका पातळ असतो की थोडा प्रकाश त्यातून आरपार जातो. खाली करडा थर असेल तर तो प्रकाश विखरून परत येतो आणि चंदेरीपणा पांढुरका, मंद दिसतो. काळा थर तो प्रकाश गिळून टाकतो, आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः चकत्यांवरून परतलेला लख्ख उजेड. म्हणजे खालचा थर बदलून वरच्या धातूची छटा बदलता येते. झळझळीत पॉलिश केलेल्या पत्र्यासाठी काळा, उन्हापावसात मळलेल्या पत्र्यासाठी गडद करडा. एकाच बाटलीतून दोन वेगळे धातू काढण्याची ही सोय फार थोडे लोक वापरतात.

एअरब्रशने हे रंग १२ ते १५ पौंडांच्या कमी दाबावर, जवळून, धुक्यासारख्या विरळ हातांनी चढवायचे. एकाच हातात झाकण्याचा मोह झाला की चकत्या ओल्या रंगात वाहून एकीकडे गोळा होतात. आणि आपल्या हवामानाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण परदेशी पुस्तकांत तिला फारशी जागा नसते. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतकी आर्द्रता असते की लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले पाणी जमते आणि काळा थर दुधाळ होतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी गाळणी लावल्याने नळीतले पाणी थांबते. खोलीतले थांबत नाही. पावसाळ्यात जोडकाम, घासकाम करावे आणि धातुरंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेवर सोडावा, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. दुसरा सल्ला आरोग्याचा. लॅकरच्या वाफा फुप्फुसांना आणि मेंदूला अपायकारक असतात. कापडी मास्क त्या अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची गाळणी असलेलाच मास्क लागतो. घरातल्या बंद खोलीत, लहान मुले आसपास असताना हे काम करू नये.

आता निरखण्याकडे वळू. विमानाचा पत्रा म्हणजे शुद्ध ॲल्युमिनिअम नव्हे. शुद्ध ॲल्युमिनिअम मऊ असते. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यात थोडे तांबे आणि मॅग्नेशिअम मिसळून, तापवून, पाण्यात थंड करून ठेवलेला मिश्रधातू आपोआप कणखर होत जातो हे शोधले. तेच ड्युरॅल्युमिन. पण ज्या तांब्याने त्याला बळ दिले त्याच तांब्यामुळे तो लवकर गंजतो. त्यावर १९२० च्या दशकात अमेरिकेत तोड निघाली: मधला गाभा ड्युरॅल्युमिनचा आणि दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर. या पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात आणि मॉडेलकारांच्या एका लोकप्रिय धातुरंगाने हेच नाव घेतलेले आहे. आता एकाच विमानावर असा लेप दिलेला पत्रा असतो, घडाईचे आणि ओतीव भाग असतात, इंजिनाजवळ उष्णता सोसणारे पोलाद किंवा टायटॅनिअम असते. प्रत्येकाची झळाळी निराळी. एफ-१०० सुपर सेबर या अमेरिकी विमानाच्या शेपटाकडचा भाग तर इंजिनाच्या उष्णतेने निळा, जांभळा, तांबूस झालेला असे. या सगळ्याला एकच चंदेरी रंग लावला की तो पत्रा वाटत नाही, खेळणे वाटते.

निरखण्याचे महत्त्व पटवायला पी-५१ मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाचे उदाहरण पुरेसे आहे. १९४३ च्या अखेरीस अमेरिकेच्या लष्करी विमानदलाने बहुतेक विमानांवरचा कॅमोफ्लाज रंग बंद करण्याचे ठरवले. वजन वाचे, वेग थोडा वाढे, कारखान्याचा वेळ वाचे. त्यानंतरची मस्टँग चंदेरी दिसतात, म्हणून ती अख्खी उघड्या धातूची होती असे धरले जाते आणि हजारो मॉडेले तशीच रंगवली जातात. प्रत्यक्षात मस्टँगच्या पंखाचा आकार असा आखलेला होता की हवा त्यावरून शक्य तितका वेळ खळबळ न होता सरकावी. रिव्हेटचे डोके किंवा पत्र्याचा सांधासुद्धा त्यात अडथळा ठरे. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागावरचे सांधे आणि रिव्हेट लांबी भरून, घासून सपाट केले जात आणि पंखाला ॲल्युमिनिअमचा रंग दिला जाई. धड मात्र उघड्या पत्र्याचे. सुकाणू कापडाचे, त्यावर रुपेरी डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप. म्हणजे एकाच विमानावर तीन तऱ्हांची चंदेरी: धातूची, रंगाची आणि कापडावरची. मॉडेलच्या पंखावर कोरलेले रिव्हेट आणि रेघा बुजवून, त्यावर साधा मंद ॲल्युमिनिअम रंग देणारा माणूस अधिक सुंदर मॉडेल करतो असे नव्हे, तो खरे मॉडेल करतो. आमच्या मते या छंदाची प्रतिष्ठा तिथेच आहे.

याच कारणाने सध्याच्या एका रूढीला आमचा विरोध आहे. प्रत्येक पत्र्याची छटा वेगळी दाखवायची, एक उजळ, एक गडद, एक निळसर, अशी पद्धत स्पर्धांमध्ये रुजली आहे आणि तिला बक्षिसेही मिळतात. खऱ्या विमानावर फरक असतात, पण ते ठरावीक जागी असतात, त्यांना कारण असते, आणि बरेचसे फरक उजेडाचा कोन बदलला की नाहीसे होतात. शेजारच्या दोन पत्र्यांत गडद फरक दाखवायचा असेल तर त्या जागी काय वेगळे आहे हे मॉडेलकाराला सांगता आले पाहिजे. चिन्हे लावण्याआधीच्या आणि नंतरच्या वार्निशचेही तसेच. पारदर्शक थर चकत्यांच्या वर बसला की धातूची धार बोथट होते, म्हणून तो फक्त चिन्हांपुरता, अगदी पातळ द्यावा. स्वयंपाकघरातली फॉइल किंवा या कामासाठी मिळणारी चिकट फॉइल एकेका पत्र्याच्या आकारात कापून लावणारेही काही जण आहेत. ती पद्धत चिकाटीची आहे, पण तिथे धातूच धातूसारखा दिसतो आणि वादच उरत नाही.

आता पुन्हा आपल्या मिगकडे. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. विमानाचे धड-पंख ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. इथे बांधलेला पहिला प्रकार म्हणजे मिग-२१ एफएल. त्याची काचेची छत्री पुढच्या बिजागरीवर वर उघडते. नंतरच्या प्रकारांत ती बाजूला उघडते. खोक्यावर भारतीय चिन्हे छापलेली आहेत म्हणून आतले किट एफएलचेच असेल असे नाही, हे घेणाऱ्याने तपासावे. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास यातल्या अनेक विमानांवर हिरव्या-तपकिरी छटा चढल्या आणि त्या सगळ्या एकसारख्या नव्हत्या. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ पाडणारे किंवा १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणारे मिग करायला घेतले, तर नेमके कोणते विमान, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या रंगात, हा प्रश्न पहिला येतो.

त्याचे उत्तर शोधायला आपल्याकडे साधने फार तुटपुंजी आहेत. चौकाचौकांत आणि तळांच्या दारात उभी असलेली जुनी विमाने त्यासाठी कामाची नाहीत. ऊनपावसापासून वाचवायला त्यांना वारंवार रंग द्यावाच लागतो, त्यात काही गैर नाही. पण त्या जाड चंदेरी थरावरून मूळ पत्रा कसा दिसे हे कळत नाही. युद्धकाळातली रंगीत छायाचित्रे मोजकी आहेत आणि जुन्या फिल्मने धातूची छटा खरी पकडलेली असेलच असे नाही. ब्रिटन-अमेरिकेत एकेका विमानाचा रंगइतिहास लिहिणारी पुस्तके निघतात, त्यामागे मॉडेलकारांनी पन्नास-साठ वर्षे सातत्याने केलेली विचारपूस आहे. आपल्याकडे एअरफिक्ससारख्या नामांकित ब्रिटिश कंपनीची किती तरी किट्स भारतात साच्यातून निघाली, खोक्यावर तसे छापूनही आले. पण आपल्या विमानांची रंगनोंद मात्र आपण ठेवली नाही.

ती ठेवण्याची वेळ अजून गेलेली नाही. ओझरला साठ-सत्तरच्या दशकांत पत्रा कापणारे, रिव्हेट मारणारे, विमानाला लॅकर फवारणारे कामगार आणि तंत्रज्ञ आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतले कित्येक नाशिक, निफाड, पिंपळगाव परिसरातच राहतात. कोणत्या भागाला कोणता पत्रा लागे, कारखान्यातून बाहेर पडताना विमान कसे दिसे, पहिल्या पावसाळ्यानंतर कसे दिसे, हे त्यांना माहीत आहे. नाशिक, पुणे, मुंबईतल्या मॉडेलकारांनी या माणसांना भेटावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, घरच्या अल्बममधली छायाचित्रे तारीख आणि ठिकाण लिहून स्कॅन करावीत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आणि हवाई दलाने गोपनीयतेचा प्रश्न उरलेला नाही अशी रंगकामाची जुनी कागदपत्रे अभ्यासकांना खुली करावीत. आणि ज्यांच्या घरात ओझरला काम केलेले कोणी आजोबा, काका असतील, त्यांनी मॉडेलकारांची वाट न पाहता येत्या रविवारीच त्यांच्याजवळ वही-पेन घेऊन बसावे.