वाट कोणाच्या हाती?

इंदापूर तालुक्यात बोरी आणि आसपासच्या गावांत ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्ष बागायतदाराचे डोळे आभाळाकडे लागतात. अवकाळी पाऊस, धुके, डावणी, भुरी या सर्वांशी झुंज देत तो घड तयार करतो. पुढे पॅकहाऊसमध्ये प्रतवारी होते, पेट्या शीतकंटेनरमध्ये चढतात आणि भिगवण, पाटस, पुणे असा प्रवास करीत न्हावाशेवा बंदरात पोहोचतात. इथपर्यंतची वाट बागायतदाराला पाठ असते. बंदरापलीकडच्या वाटेचा विचार करण्याची गरज त्याला आजवर फारशी पडली नव्हती. २०२४ च्या हंगामात ती पडली.

त्याचे कारण बारामती-इंदापूरपासून हजारो किलोमीटर दूर घडले होते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतले. त्यानंतर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचे हल्ले सुरू झाले. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंदीची. तेवढ्या चिंचोळ्या जागेवर दहशत बसवताच जगातील बड्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून जाणे पत्करले. केप ऑफ गुड होपमार्गे युरोप गाठायचे म्हणजे दहा ते पंधरा दिवस अधिक. लोखंडाला वा कापडाला त्याने फारसा फरक पडत नाही. द्राक्षाला पडतो. देठ सुकतो, मणी सैल होतो आणि रॉटरडॅमच्या बाजारात पेटी उघडणारा खरेदीदार भाव पाडून मागतो.

यातील खरी मेख व्यवहाराच्या पद्धतीत आहे. युरोपला जाणारी बरीचशी द्राक्षे माल पोहोचल्यावर ठरणाऱ्या भावाने जातात. जहाज कंपनी वाढीव भाडे आधीच वसूल करते, विमा कंपनी युद्धजोखमीचा हप्ता आधीच वाढविते, निर्यातदार आपला खर्च वजा करून घेतो. उरलेसुरले ज्याच्या पदरात पडते तो बागायतदार. येमेनमधल्या बंदुकीचा नेम शेवटी इंदापूरच्या मांडवावर बसतो, तो असा. निर्यात पतहमी महामंडळाचे संरक्षण आहे. पण ते निर्यातदाराच्या बुडणाऱ्या येण्यासाठी आहे. ज्याची बाग त्याच्या नावावर असे काही नाही.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो. समुद्र असा बेभरवशाचा असेल, तर खुष्कीच्या मार्गाचे काय? भारताला पश्चिमेकडे जाणारी जमिनीवरची वाट नाही का? होती, आणि ती बारामतीच्या मातीला अपरिचित नव्हती. या तालुक्यातील नीरेकाठच्या होळ गावाचे नाव ज्यांनी आडनावात मिरविले, ते मल्हारराव होळकर १७५८ च्या पंजाब मोहिमेत राघोबादादांबरोबर होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मराठी फौजा लाहोरात शिरल्या आणि पुढे अटकेपर्यंत गेल्या. ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत अजून अभिमानाने वापरला जातो. त्या पराक्रमाचा उत्तरार्ध मात्र कोणी फारसा सांगत नाही. मुख्य सैन्य दक्षिणेकडे वळले, पंजाबात मागे राहिलेल्या तुकड्या अपुऱ्या पडल्या आणि १७५९ संपण्यापूर्वी अब्दालीने तो सारा मुलूख पुन्हा घेतला. ठाणे जिंकता आले. पुण्यापासून अटकेपर्यंतची वाट राखण्याची तजवीज झाली नव्हती.

१९४७ मध्ये ती वाट आपल्या हातून पुरतीच गेली. वाघा सीमेवर मेणबत्त्या लावणाऱ्यांनी व्यापारातून मैत्री फुलेल, असे अनेक वर्षे सांगितले. वस्तुस्थिती काय होती? २०१० च्या पाक-अफगाण पारगमन करारानुसार अफगाण मालमोटारींना वाघापर्यंत माल आणता येई. परतताना त्याच मालमोटारींत भारतीय माल भरून नेण्यास मात्र बंदी. ऑक्टोबर २०२१ मध्ये उपाशी अफगाण जनतेसाठी भारताने पन्नास हजार टन गहू देऊ केला. तो पाकिस्तानातून नेण्याच्या अटी ठरविण्यात महिने गेले आणि पहिला ताफा २२ फेब्रुवारी २०२२ रोजी निघू शकला. दानाचा गहू जिथे चार महिने अडतो, तिथे नाशवंत फळाची कथा काय? पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी निरपराध पर्यटकांची हत्या झाल्यावर भारताने अटारीची चौकी बंद केली. पाकिस्ताननेही आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. या वाटेवर विसंबून कोणी व्यापाराचे स्वप्न पाहणार असेल, तर तो भाबडेपणाच म्हटला पाहिजे. पूर्वेची सीमाही याला अपवाद नाही. महाराष्ट्राची द्राक्षे आणि संत्री रस्त्याने पेट्रापोलमार्गे बांगलादेशात जातात; ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले तेव्हा त्या नाक्यावरचा व्यवहार ठप्प होऊन मालमोटारी रांगेत उभ्या राहिल्या.

पाकिस्तानला वळसा घालणारी वाट शोधण्याचा प्रयत्न भारताने केलाच नाही, असे नाही. अफगाणिस्तानातील झरंज ते देलाराम हा सुमारे २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने बांधला. त्याचे काम चालू असताना, नोव्हेंबर २००५ मध्ये, संघटनेच्या केरळमधील एका चालकाचे तालिबानने अपहरण करून हत्या केली. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या जवानांनीही तेथे प्राण दिले. २००९ च्या जानेवारीत रस्ता अफगाण सरकारच्या हाती सोपविला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानच्या हाती पडलेली पहिली प्रांतिक राजधानी हीच झरंज होती. १७५९ चा धडा पुन्हा एकदा गिरवावा लागला.

या रस्त्याचे समुद्राकडचे टोक म्हणजे इराणचे चाबहार बंदर. त्याची बोलणी अटलजींच्या कारकिर्दीत, २००३ मध्ये सुरू झाली. त्रिपक्षीय करार व्हायला मे २०१६ उजाडले, प्रत्यक्ष कामकाज भारतीय कंपनीकडे डिसेंबर २०१८ मध्ये आले आणि दहा वर्षांचा करार १३ मे २०२४ रोजी झाला. म्हणजे दोन दशके! या काळात चीनने शेजारच्या ग्वादरमध्ये बंदर उभारून चालवायलाही घेतले. दिल्लीत सरकारे कोणाची होती याचा हिशेब मांडता येईल. पण कूर्मगतीचे खापर एकाच पक्षाच्या माथी फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यात अमेरिकेची मर्जी. सप्टेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनने चाबहारसाठीची निर्बंधांतील सवलत काढून घेतली आणि ऑक्टोबर संपता संपता ती सहा महिन्यांसाठी पुन्हा दिली. ज्या बंदरात भारताचा पैसा आणि माणसे गुंतली आहेत, त्याचे भवितव्य सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर जोखले जावे, ही स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारी गोष्ट नव्हे.

दुसरा पर्याय भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेचा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेत त्याची घोषणा झाली. अरबस्तानातून रेल्वेने हैफापर्यंत माल नेण्याची ती कल्पना उत्तम होती. महिन्याच्या आत, ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्या वाटेवरच युद्ध येऊन बसले.

तेव्हा एक गोष्ट स्पष्टपणे स्वीकारली पाहिजे. चाबहार मध्य आशिया आणि रशियाकडे जाण्यासाठी मोलाचे आहे, ते सोडता कामा नये. परंतु रॉटरडॅमची द्राक्षे त्या मार्गाने जाणार नाहीत. ती समुद्रानेच जातील, आणि समुद्र राखणे हे आरमाराचे काम आहे. या बाबतीत भारताने अलीकडे दाखविलेला कणखरपणा निःसंशय अभिनंदनीय ठरतो. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सोमाली चाच्यांनी पळविलेल्या ‘रुएन’ जहाजाचा पाठलाग करून चाळीस तासांच्या कारवाईत १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ चाच्यांना पकडून मुंबईत आणले. शिवछत्रपतींनी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले, त्याचा अर्थ आज असा प्रत्ययाला येतो.

मात्र युद्धनौका चाच्यांना पकडू शकते. वाया गेलेल्या पंधरा दिवसांची भरपाई देऊ शकत नाही. ते काम केंद्र आणि राज्य सरकारांचे आहे. युद्धामुळे मार्ग बदलावा लागला, तर वाढीव भाड्याचा किती भाग कोणी सोसायचा, हे निर्यातदार आणि बागायतदार यांच्या करारात आधीच लिहिले गेले पाहिजे, आणि असे कलम नसलेल्या व्यवहाराला सरकारी अनुदान मिळता कामा नये. विमासंरक्षण बागेपर्यंत आणावे लागेल. लांब पल्ला सोसणारी वाणे आणि साठवणीचे तंत्र यांसाठी बारामतीजवळच्या माळेगावची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, कृषी विज्ञान केंद्र आणि द्राक्ष बागायतदार संघ यांनी एकत्र बसण्यास कोणाची हरकत आहे? हे सारे ऑक्टोबर छाटणीपूर्वी व्हायला हवे. एकदा छाटणीची कात्री चालली की बागायतदाराचे वर्षभराचे भांडवल वेलीवर चढलेले असते, आणि मग जहाज कोणत्या वाटेने जाणार हे त्याला विचारायला कोणी येत नाही.