सवयीचा खोकला

आमच्या घरातील पहाट कोंबड्याच्या आरवण्याने होत नसे. ती आईच्या खोकल्याने होई. फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर आमचे जुने घर आहे. मागल्या पडवीतील चुलीत आई सोडणे आणि करवंट्या पेटवी, न्हाणीतला तांब्याचा हंडा तापू लागे आणि त्या धुराबरोबरच तिचा खोकला सुरू होई. पाच-दहा मिनिटे ती खोकत असे, अंगणाच्या कडेला जाऊन कफ टाकी, पदराने तोंड पुशी आणि पुन्हा कामाला लागे. तो खोकला थांबला, म्हणजे शाळेची वेळ होत आली, असे आम्ही भावंडे अंथरुणातूनच ओळखत असू. आमच्या घरी कोंकणी बोलतात. मुक्कामास राहिलेल्या एखाद्या पाहुण्याने सकाळी काळजीने चौकशी केली, तर 'आवयची खोंकली ती!' असे म्हणून आम्ही हसत असू. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

चार वर्षांपूर्वी, एकोणसाठाव्या वर्षी, देवळाच्या पायऱ्या चढताना आई अर्ध्यावरच बसली. तिला बोलवेना. तोवर तिच्या खोकल्यावर औषध झाले नव्हते असे नाही. एक डॉक्टर वर्षानुवर्षे तिला गोड औषधाच्या बाटल्या देत आले होते, आणि आम्हीही त्या मुकाट्याने आणीत होतो. या वेळी मात्र दुसरे डॉक्टर होते. त्यांनी विचारले, "खोकला किती दिवसांचा?" आई म्हणाली, "खोंकली खंय, दोतोर? ही म्हजी संवय." मग त्यांनी विडी-सिगारेटविषयी विचारले. आईला हसू आले. त्यानंतरचा प्रश्न असा होता, की जो तिला जन्मात कोणी विचारला नव्हता: "घरात चूल किती वर्षे होती?"

त्या एका प्रश्नापासून मी या विषयाचा विचार करू लागले. मी कलाशाखेची पदवीधर. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. तथापि शब्दांविषयी बोलण्याचा थोडासा हक्क भाषेच्या शिक्षिकेला असावा, आणि माझे म्हणणे एका शब्दाविषयीच आहे. 'सवयीचा खोकला' हा शब्दप्रयोग आपण घराघरांतून हद्दपार केला पाहिजे. ज्या दुखण्याला आपण सवय म्हणतो, त्याची चौकशी बंद होते. शिवाय ही सवय बहुधा घरातील बाईच्याच नावे जमा असते. लहान मुलगा आठ दिवस खोकला, तर घर डोक्यावर घेतले जाते. आई वीस वर्षे खोकली, तर तिच्या खोकल्यावर आपण घड्याळ लावतो.

वैद्यकाला मात्र सवयीचा खोकला ठाऊक नाही. १९६५ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने जुनाट ब्रॉन्कायटिसची जी व्याख्या ठरविली, ती कोणत्याही गृहस्थाला बोटांवर मोजता येण्यासारखी आहे: सलग दोन वर्षे, प्रत्येक वर्षी निदान तीन महिने, बहुतेक दिवशी कफासह खोकला येणे, आणि त्याला दुसरे कारण नसणे. हे 'दुसरे कारण नसणे' महत्त्वाचे आहे. आपल्या देशात दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, की क्षयाच्या शंकेने थुंकीची तपासणी करून घ्यावयाची असते, आणि ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. प्रथम ते पाहावे. तपासणीला लाजू नये.

मग या रोगात घडते तरी काय? श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ती अहोरात्र एका तालात हलत राहून धूळ, जंतू आणि चिकट श्लेष्मा यांना वर घशाकडे ढकलते. वर्षानुवर्षे धूर आत जात राहिला, म्हणजे ही लव निकामी होत जाते. त्याच वेळी श्लेष्मा निर्माण करणाऱ्या ग्रंथी वाढतात आणि कफ अधिकच बनू लागतो. म्हणजे घरातला केर दुप्पट झाला आणि केरसुणी मोडली! अशा वेळी उरते काय, तर खोकला. तोच आता केरसुणीचे काम करतो. म्हणूनच कफाचा खोकला दाबून टाकणारे औषध आपल्या मनाने घेत राहणे शहाणपणाचे नव्हे. साचलेल्या कफात जंतू वाढतात, नलिका पुनःपुन्हा सुजतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्या कायमच्या अरुंद होऊन दम लागू लागतो. अरुंदपणा आला आहे किंवा नाही, हे स्पायरोमीटरच्या नळीत जोराने फुंकून कळते. हे यंत्र काही नवे नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ सालीच त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आमच्या आईने मात्र ते प्रथम पाहिले ते साठीच्या उंबरठ्यावर.

हा रोग विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, ही समजूत खरी आहे, पण अर्धीच. उरलेले अर्धे आपल्याच देशातील एका स्त्रीने जगापुढे ठेवले. १९५० नंतरच्या दशकात डॉ. एस. पद्मावती या दिल्लीत काम करीत असता, फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी झालेले पुष्कळ रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यांत स्त्रिया जवळजवळ पुरुषांइतक्याच असत, आणि धूम्रपान करणाऱ्या तर त्यांत थोड्याच. मग या स्त्रियांच्या छातीत धूर गेला कोठून? डॉ. पद्मावतींनी बोट दाखविले ते चुलीकडे. त्यांचा हा निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. आमच्या आईच्या जन्माआधीच जी गोष्ट छापली गेली होती, ती आमच्या पडवीपर्यंत पोहोचण्यास साठ वर्षे लागली, हे मला अजून पचत नाही.

चूल ही घरातली खाजगी बाब, तीत दुसऱ्याने का पडावे, असे कोणी म्हणेल. लंडनमध्येही असेच म्हणणारे होते. तेथे १९५२ सालच्या डिसेंबरात घरोघरच्या शेगड्यांतील आणि कारखान्यांतील कोळशाचा धूर धुक्यात मिसळून पाच दिवस शहरावर साचून राहिला. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. दगावलेल्यांत पुष्कळजण आधीच छातीच्या विकाराने जर्जर झालेले होते. मग १९५६ साली कायदा झाला आणि त्याने कारखान्यांच्या धुराड्यांबरोबर घरातील शेगडीलाही हात घातला. श्वास घेणाऱ्याने सांभाळून श्वास घ्यावा, असे त्या कायद्याने म्हटले नाही. धूर करणाऱ्यांना त्याने आवरले.

आपल्याकडे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि दरिद्री घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसच्या जोडण्या मिळू लागल्या. हे चांगलेच झाले. परंतु स्वयंपाकघरात गॅस आला म्हणून मागची चूल विझली असे नाही. सिलिंडर महाग पडतो, सोडणे तर परसातच पडलेली असतात. मग आंघोळीचे पाणी चुलीवर, उकड्या तांदळांची पेज चुलीवर, चुलीवरच्या माशांच्या हुमणाला चव वेगळी म्हणून तेही चुलीवर! चव वेगळी असते, हे मी नाकारीत नाही. पण ती चव चाखणारे आठ आणि धूर गिळणारी एक, हा हिशेब मला मान्य नाही. चूल पेटवावयाचीच असेल, तर ती उघड्यावर असावी, वर धुराडे असावे, लाकूड वाळलेले असावे. आणि ज्यांना चुलीवरचेच हवे असेल, त्यांनी फुंकणी आळीपाळीने हाती घ्यावी.

विडी-सिगारेट ओढणाऱ्या मंडळींविषयी थोडक्यात सांगते. इंग्लंडमधील फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९७७ साली जे दाखविले, ते आशादायक आहे: धूम्रपान सोडले, की फुप्फुसांच्या शक्तीची घसरण मंदावून जवळजवळ न ओढणाऱ्याइतकीच होते. गेलेले परत येत नाही, परंतु उरलेले वाचते. तेव्हा 'आता सोडून काय उपयोग?' हा आमच्या काकांचा आवडता प्रश्न निरर्थक आहे.

उपचारांत आमच्या समाजाला सर्वांत मोठे भय वाटते ते 'पंपा'चे. तोंडातून औषध ओढावयाचे यंत्र दिले, की माणूस संपला, त्याची सवय लागते, अशी कुजबुज सुरू होते. (खोकल्याची सवय चालते, औषधाची चालत नाही!) वास्तविक नलिका सैल करणारे औषध थेट जेथे हवे तेथे अल्प प्रमाणात पोहोचविण्याचा तो मार्ग आहे, ते कोणाला आणि किती द्यावे, हे डॉक्टरांनी ठरवावे. ओढण्याची रीत मात्र त्यांच्यासमोर करून दाखवावी, कारण रीत चुकली तर औषध घशातच राहते. दर वर्षी इन्फ्लुएंझाची लस आणि डॉक्टर सांगतील तेव्हा न्यूमोनियाची लस घ्यावी. झेपेल तितके रोज चालावे. दम लागतो म्हणून बसून राहिले, की स्नायू दुबळे होऊन दम अधिकच लागतो. नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. जंतुनाशक गोळ्या उरल्यासुरल्या डब्यातून काढून घेऊ नयेत. कफाचा रंग बदलला, तो वाढला वा ताप आला, तर वाट पाहू नये. कफात रक्त दिसले किंवा ओठ निळसर झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता माझ्या विद्यार्थीमित्रांशी दोन शब्द. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुम्ही जो नरकासुर जाळता, त्यात पेंढा आणि दारूसामान किती भरावे याची पैज लागते, हे मला ठाऊक आहे. मीही लहानपणी ती पाहण्यास धावत असे. यंदा जाळण्याची जागा निवडताना एवढेच पाहा, की जवळच्या घरात कोणी खोकणारे आहे काय. आणि आपल्या घरातील खोकला किती महिन्यांचा आहे, हे एकदा वहीत मांडून पाहा. गणिताच्या तासाला याहून वाईट उदाहरणे आम्ही देत असतो.

आईचा खोकला गेलेला नाही. तो पहाटे येतोच, पण लवकर थांबतो. तिचा पंप कुंकवाच्या करंड्याशेजारी असतो, आणि देवळाच्या पायऱ्या ती दोनदा थांबून, पण स्वतः चढते. न्हाणीतला हंडा आम्ही माळ्यावर टाकला. आता पाणी विजेवर तापते. शेजारच्या काकांच्या न्हाणीचा धूर मात्र अद्याप आमच्याच खिडकीतून आत येतो. त्यांच्याशी बोलणे व्हावयाचे आहे.