फळ्यावरचे मौन

दोनाचा सदुसष्टावा घात घ्यावा आणि त्यातून एक वजा करावा. उरते ती एकवीस अंकी संख्या : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही मूळ संख्या आहे, असे मारँ मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूंनी १६४४ मध्ये लिहून ठेवले. पुरावा दिला नाही. पुढे १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी ती मूळ नाही हे दाखविले. नवल असे की, तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. भिंत पोकळ आहे हे ठोकून कळावे आणि दार मात्र सापडू नये, तसे.

दार उघडले १९०३ मध्ये. न्यूयॉर्कच्या एका सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एकीकडे त्यांनी ही संख्या मांडली, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. उत्तरे जुळली. अक्षरही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ही कथा एरिक टेम्पल बेल यांची. आणि बेल यांना रंग भरण्याची हौस होती, हे सर्वश्रुत आहे.

शब्दांविना सिद्धीचे उदाहरण म्हणून ती साहित्याच्या वर्गात आम्हीही सांगत आलो. आता मात्र संकोच वाटतो. गुणाकार हा या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग. आमच्यापैकी दोघांनी तो एका मोकळ्या तासाला कागदावर करून पाहिला (एकदा हातचा चुकला, ते असो). खरे काम त्याआधीचे आहे. या संख्येच्या कोणत्याही अवयवाला १३४ ने भागले की बाकी १ उरते. एवढ्या एका अटीने केवढे रान आटोक्यात येते! तरीही १३४-१३४ ची पावले टाकीत निघालो, तर धाकटा अवयव चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या पावलावर भेटतो. कोल या वाटेने गेले नाहीत. आपली पद्धत त्यांनी निबंधात लिहून प्रसिद्ध केली, म्हणजे शब्दांतच. किती काळ लागला, यावर त्यांनी तीन वर्षांचे रविवार असे सांगितल्याचे बेल नोंदवितात.

आमच्या उत्तरपत्रिकांत हे रविवार कोठे असतात? कवितेत मृत्यूची जाणीव आहे, असे एका बाजूस; दुसरीकडे गाइडातून उचललेल्या दोन ओळी. दोन्ही बाजू जुळतात, गुण पडतात. वाचक तेथवर कसा पोहोचला, कोणता अर्थ लावून पाहिला आणि का टाकला, हे आम्ही विचारीतच नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. प्रश्न आम्ही काढतो.

गेल्या सत्रात एम.ए.च्या वर्गाला आम्ही टाकून दिलेले अर्थ लिहून आणण्यास सांगितले. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, चुकलेल्या वाचनाला गुण किती?"

गुणांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.