देवराईची सफाई जंगलाच्या मुळावर

रत्नागिरी : विषुववृत्तीय वर्षावनांत वर्षभर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातही तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. मात्र त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने येथील निमसदाहरित जंगल तग धरते ते आपल्या थरांच्या बळावर. बेहडा, सातवीण यांसारखे उंच वृक्ष ऊन झेलतात. त्यांच्या सावलीत मध्यम उंचीची झाडे, त्याखाली झुडपे व रोपे, या साऱ्यांतून वर चढणारी गारंबीची वेल आणि तळाशी ओल धरून ठेवणारा पालापाचोळा.

गावाजवळ ही रचना आज प्रामुख्याने देवरायांतच उरली आहे. तेथे मंदिराचा जीर्णोद्धार निघाला, की आवाराची 'सफाई' होते आणि फरशी बसते. एकही मोठे झाड तोडले नाही, असे गावकरी सांगतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण झुडपे गेली, पाचोळा गेला, की माती सुकते. जुन्या वृक्षाची जागा घेणारे रोपच वाढत नाही. मोठ्या खोडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या धनेशाला उद्या तशी ढोली मिळणार कोठून?

गाडगीळ समितीच्या २०११ मधील अहवालापासून पश्चिम घाटाच्या संवेदनक्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यापर्यंत वाद रंगला तो मुख्यतः खाणी आणि गावांच्या यादीवर. देवराईतील फरशी नेमकी कोठवर न्यायची, हे मात्र गावकी आणि मानकऱ्यांच्या बैठकीतच ठरते.