नव्या शहराचीं जुनीं पुस्तकें

गेल्या सत्रांत एके दिवशीं वर्गांत सरांनीं सहज प्रश्न केला कीं, आपण राहतों त्या शहराचा इतिहास कोणास सांगतां येईल काय? पहिल्या बाकावरील एक हुशार विद्यार्थी लगेच उभा राहिला व म्हणाला, "सर, आपल्या शहरास इतिहास नाहीं. तें १९७० सालीं सुरू झालें." वर्गांत हशा पिकला, पण उत्तर चूक आहे असें म्हणावयास कोणी पुढें आलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांपैकीं पुष्कळांची समजूत याहून निराळी नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' ह्या नियतकालिकांतून खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली; १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली; ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन शहरासाठीं ठरविण्यांत आली; एवढें आम्हांस पाठ होतें. परंतु त्या ९५ गांवांत तत्पूर्वीं काय होतें, हा प्रश्नच आम्हांस पडला नव्हता. कोऱ्या कागदावर नकाशा काढावा तसें हें शहर उमटलें, अशी आमची भाबडी कल्पना.

कागद कोरा नव्हता. त्यावर फार जुनें व दाट लिखाण होतें. तें आम्हीं वाचलें नव्हतें, इतकेंच. जेथें जुनीं देवळें, वाडे व पार शाबूत आहेत अशा पुण्या-नाशिकच्या मुलास इतिहास रस्त्यांत भेटतो. आमच्या मुलास रस्त्यांत सेक्टरचे आंकडे भेटतात. म्हणून आमचें मत असें कीं, आपल्यासारख्या नव्या वसाहतींतील मुलांस आपल्या प्रांताची ओळख करून देण्याचें मुख्य साधन ग्रंथ हेंच होय. मात्र ते ग्रंथ कोणीं व कशासाठीं लिहिले हें ध्यानांत धरून वाचले पाहिजेत. आणि त्यांत जें आलें नाहीं तें लिहून ठेवण्याचें काम आपल्याच पिढीवर येऊन पडलें आहे.

पहिली अडचण नांवांची. ग्रंथालयाच्या सूचींत 'नवी मुंबई' हें नांव शोधणाऱ्यास जुनें असें कांहींच लाभत नाहीं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत पनवेलची माहिती पाहावी म्हणून आम्हीं प्रथम कुलाबा जिल्ह्याचा १८८३ चा खंड उघडला, कारण पनवेल पूर्वीं कुलाब्यांत होतें असें घरीं ऐकलेलें. त्यांत पनवेलचा पत्ता नाहीं! मागाहून उलगडा झाला कीं, पनवेल व उरण हीं त्या काळापर्यंत ठाणें जिल्ह्यांत मोडत असत, आणि ठाण्याचे खंड १८८२ सालीं छापून निघाल्यावर तीं कुलाब्यास जोडलीं गेलीं. त्या कुलाब्याचें पुढें १९८१ सालीं रायगड झालें. आजहि हें नवें शहर दोन जिल्ह्यांत विभागलेलें आहे; वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यांत, तर पनवेल, उलवें रायगडांत. बेलापूरची गत तीच. पोर्तुगीज काळांत तेथील कोट शहाबाज ह्या नांवानें ओळखला जाई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो मराठ्यांच्या हातीं आला, आणि पुढें बेलापूर हें नांव रूढ झालें. शहाबाज गांव मात्र अद्याप तेथेंच, उंच इमारतींच्या आडोशास उभें आहे. तेव्हां इतिहास शोधावयाचा तर आधीं आपल्या पायांखालच्या जमिनीचीं जुनीं नांवें शिकावीं लागतात. काम कंटाळवाणें खरें, पण तें एकदां केलें कीं कपाटें आपोआप उघडूं लागतात.

जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखालीं तयार झालेले ते ठाण्याचे खंड हातीं पडले तेव्हां आमच्या दोन रविवारांचा खेळ बुडाला. मुंबई-पुणें लोहमार्ग होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी मचव्यांतून पनवेल बंदरास उतरे व तेथून बोरघाटाची वाट धरी. ह्या घाटांत गाडीरस्ता १८३० सालीं झाला. मग पनवेलीं गाड्यांचीं चाकें करणाऱ्यांचा धंदा भरभराटीस आला यांत नवल कोणतें? आज त्याच पनवेलवरून द्रुतगति मार्ग जातो, म्हणजे गांवाचा धर्म बदलला नाहीं, चाकें तेवढीं बदललीं!

परंतु आम्हांस सर्वांत गुंतवून ठेविलें तें खारजमिनीच्या वर्णनानें. भरतीचें पाणी बांध घालून अडवावयाचें, जमिनींतील खार पावसाच्या पाण्यानें धुऊन जाऊं द्यावयाचा, मग तेथें भात घ्यावयाचें, ही येथील शेतकऱ्याची पिढ्यान् पिढ्यांची विद्या. अशा रीतीनें मिळविलेल्या जमिनीस शिलोत्री म्हणत व तिच्या धाऱ्याचे नियमहि निराळे असत. बांध एके ठिकाणीं फुटला कीं अवघ्या शिवाराचें पीक खाऱ्या पाण्याखालीं जावयाचें. त्यामुळें बांधाची राखण ही एकट्याची गोष्ट नव्हेच. बेलापूर-नेरूळच्या बाजूस भरतीचें व पावसाचें पाणी तोलून धरणारे जे मोठाले तलाव आहेत ते हॉलंडच्या धर्तीवर बांधले असें आपण पाहुण्यांस अभिमानानें सांगतों. सांगावें, तें खरेंच आहे. पण समुद्राशीं अशी घासाघीस करणारे लोक ह्या किनाऱ्यावर डच पद्धत येण्यापूर्वींहि होते, हें ज्यानें वाचलें आहे त्यास ह्या मुलुखाचा स्वभाव अधिक कळला असें आम्ही म्हणूं.

याहूनहि मागें जावयाचें असेल तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं संपादिलेल्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांकडे वळावें. त्यांत उरणजवळील चाणजें येथें सांपडलेला अपरादित्य राजाचा एक शिलालेख आहे. तो शके १०६० चा, म्हणजे इ. स. ११३८ च्या सुमाराचा. राजानें आपल्या मातेच्या पुण्यार्थ नागूम गांवांतील एक शेत दान दिलें व चाडिज गांवांतील एक बागहि दिली, असा त्याचा आशय. नागूम म्हणजे आजचें नागांव. चाडिज म्हणजे चाणजें. हें वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध झालों. जवळजवळ नऊशें वर्षांत शिलाहार गेले, यादव गेले, गुजरातचे सुलतान गेले, पोर्तुगीज, मराठे व इंग्रजहि गेले. पण शेत दिलें तें गांव आपलें नांव थोडेंसें झिजवून आपल्या जागीं बसून आहे. २०२४ पासून उरणपर्यंत आगगाडी जाते. सुटीच्या दिवशीं सकाळीं निघून ज्याचें त्यानें तें पाहून यावें.

येथपर्यंत ग्रंथांची स्तुति झाली. आतां त्यांचें उणेंहि सांगितलें पाहिजे. गॅझेटियर लिहविणारें सरकार कर घेणारें होतें, आणि त्याची नजर कराकडे होती. उरणच्या मिठागरांचें मीठ व त्यावरील जकात, मोहाच्या दारूच्या भट्ट्या व त्यांचें उत्पन्न, यांचा हिशेब बारकाईनें दिलेला आहे. पण भर उन्हांत पाटी डोक्यावर घेऊन मीठ वाहणारी बाई त्या पानांवर माणूस म्हणून उभी राहत नाहीं. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, हें आपणांस समजतें. परंतु एका संबंध जातीच्या स्वभावाचा निकाल तेथें दोन-चार ओळींत, शाळातपासनीसाच्या शेऱ्यासारखा लावलेला असतो. ज्या मुलाच्या घरचीं माणसें त्या दोन ओळींत आहेत त्यानें त्या वाचून रागवावें हें योग्यच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यानें रागानें पुस्तक मिटूं नये. आंकडे घ्यावे, शेरा टाकून द्यावा.

ह्या मुलुखाच्या माणसानें स्वतः लेखणी हातीं घेतली म्हणजे केवढा फरक पडतो, हें पाहावयाचें असल्यास पेण तालुक्यांतील वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' वाचावा. घरचें कर्ज फिटेल इतकी दक्षिणा मिळावी ह्या आशेनें गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडाच्या वणव्यांत सांपडले. पुढें कित्येक वर्षांनीं त्यांनीं तें लिहून काढलें व भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं तें प्रसिद्ध केलें. झांशीच्या लढाईइतकेंच त्यांत घरची काळजी, भूक व जिवाची भीति यांचें वर्णन आहे, म्हणून तें इतकें खरें वाटतें. पण भटजींस अक्षर येत होतें. त्याच काळांत मिठागरावर राबणाऱ्या आगऱ्यानें किंवा दिवाळ्याच्या कोळ्यानें आपला प्रवास लिहिला असता तर? त्यास अक्षर शिकविण्याची कोणास निकड वाटली नाहीं, आणि आमच्या कपाटांतील ती जागा रिकामी राहिली.

रिकामी जागा केवळ जुन्या काळापुरती नाहीं, हें अधिक लागणारें आहे. उरण तालुक्यांतील चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल-सत्याग्रहांत गोळीबार होऊन आठ सत्याग्रही धारातीर्थीं पडले. त्याची हकीकत पुस्तकांत आहे. गांवीं स्मारकहि आहे. त्याच तालुक्यांत, जासईच्या परिसरांत, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं, शहरासाठीं घेतलेल्या जमिनीचा वाजवी मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला व पांच जण मृत्यु पावले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी होते. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकास परत देण्याची जी योजना पुढें आली ती ह्या लढ्याचें फळ. दोन घटनांत अंतर ५४ वर्षांचें. पहिली आमच्या वर्गांतील पांच-सहा जणांस ठाऊक होती. दुसरी केवळ तिघांस, आणि तेहि तिघे गांवठाणांतले. शहर झालें हें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही त्याच शहराचीं लेंकरें आहों. पण ज्या जमिनीवर आपली इमारत उभी आहे तिची किंमत कोणीं व कशी दिली, हें त्या इमारतींतील मुलास ठाऊक नसणें ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं.

यावर पालकांकडून दोन आक्षेप येतात. परीक्षेंत ह्याचे गुण किती, हा पहिला. त्यास उत्तर देण्यांत अर्थ नाहीं, कारण गुण शून्य आहेत. दुसरा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. एक सुज्ञ पालक आम्हांस म्हणाले, "आमचें मूळ गांव साताऱ्याकडे. शेजारी केरळचे, वरच्या मजल्यावर बिहारचे. आमच्या मुलांचा चाणज्याच्या शिलालेखाशीं संबंध तो काय?" त्यांस आम्हीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें उदाहरण दिलें. मुंबई शहराचें मराठींतील पहिलें विस्तृत वर्णन, 'मुंबईचें वर्णन', त्यांनीं १८६३ सालीं प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ मूळचे मुंबईचे नव्हते, गोव्याकडचे. मुंबईंत ते आमच्या शाळेसारख्याच एका मिशन शाळेंत शिक्षक होते, आणि बाहेरून आलेल्या माणसाच्या कुतूहलानेंच त्यांनीं बाजार, तलाव, देवळें, गिरण्या व नाना जातींचे लोक टिपून ठेविले. मुंबईंत जन्मलेल्यांस ज्याची नवाई वाटली नाहीं तें ह्या पाहुण्यास दिसलें. मग साताऱ्याच्या मुलानें वाशीविषयीं लिहूं नये असें कोणीं सांगितलें? त्या पालकांनीं हंसून विषय बदलला. त्यांचा मुलगा मात्र गॅझेटियर मागावयास आला, आणि आतां तो तें परत देत नाहीं!

पुस्तकें मिळत नाहींत ही सबबहि आतां उरलेली नाहीं. जुनीं गॅझेटियरें शासनानें संगणकावर वाचावयास ठेविलीं आहेत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचें. दोन्हींकडे आगगाडीनें जातां येतें. आमच्या शाळेच्या ग्रंथालयांतहि ह्या मुलुखापुरतें एक स्वतंत्र कपाट असावें, अशी आमची मागणी आहे. त्यांत वर उल्लेखिलेल्या ग्रंथांबरोबर खोपोलीच्या बाजूस राहून शेतकऱ्यांचें जीवन रंगविणाऱ्या र. वा. दिघ्यांच्या कादंबऱ्या याव्या, पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचें पक्ष्यांवरील पुस्तक यावें, आणि १९७० नंतर शहराविषयीं जें जें छापलें गेलें तें, पत्रकें व वर्तमानपत्रांचीं कात्रणें सुद्धां, जपून ठेवावें. पत्रकें प्रथम फाटतात, म्हणून तीं प्रथम गोळा करावीं.

ह्या कपाटाचा एक खण आम्हीं आधींच व्यापला आहे. त्यांत तूर्त एकच जाड वही आहे. नव्या विमानतळासाठीं उलव्याची टेंकडी सपाट झाली व दहा गांवें उठलीं. २०२५ च्या अखेरीस तेथून विमानेंहि उडूं लागलीं. त्या दहांपैकीं एका गांवचा मुलगा आमच्या वर्गांत आहे. त्याची आजी धवलारीण. लग्नांत धवले गाण्याचा तिचा मान. गेल्या सुटींत तो रोज दुपारीं तिच्यापाशीं बसून धवले उतरून घेऊं लागला. अकरा झाले. कांहीं शब्द त्यास समजत नाहींत, आणि आजीस ते समजावून सांगतां येत नाहींत, कारण ज्या वस्तूंचे ते शब्द आहेत त्या वस्तु आतां घरांत नाहींत. तेथें त्यानें समासांत खुणा करून ठेविल्या आहेत. बारावा अर्धाच आहे. आजी म्हणते, मांडवांत उभें राहिल्यावांचून तिला पुढचें आठवत नाहीं. मार्गशीर्षांत त्यांच्या आप्तांकडे लग्न आहे; तो वही घेऊन जाणार आहे.