माशांना आरओचं पाणी? जरा थांबा!

मंडळी, आज थोडं खडूस बोलणार आहे.

आपल्या आयटीवाल्यांत आफ्रिकन सिक्लिड पाळायचं वेड बरंच आहे. पिवळे-निळे देखणे मासे, ऑफिसातून आल्यावर समोर बसलं की डोकं शांत होतं. वेडाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या टाकीत आरओचं पाणी ओतणाऱ्यांबद्दल आणि तसा सल्ला देणाऱ्या दुकानदारांबद्दल. "साहेब, तुमच्या बोअरचं पाणी जड आहे, मासे टिकणार नाहीत, आरओच वापरा." हे चक्क चुकीचं आहे, आणि आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला तर ते संतापजनक वाटतं.

माझं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं. खाली काळा बसाल्ट खडक, त्यातून येणारं बोअरचं पाणी क्षारांचं. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, बादलीवर पांढरा थर बसतो. अशा पाण्याला आपण "खराब" म्हणतो. माणसाच्या सोयीच्या दृष्टीने ठीक आहे, पण मासा काही डाळ शिजवत नाही!

दुकानात मिळणारे बहुतेक आफ्रिकन सिक्लिड मूळचे मलावी तलावाचे. त्या तलावाचं पाणी अल्कलाइन, पीएच साधारण ७.८ ते ८.६. आपलं बोअर त्यापेक्षा जास्त जड असू शकतं, पण दुकानातले मासे पिढ्यानपिढ्या टाकीतच वाढलेले असतात, त्यांना ते चालतं. चालत नाही तो चढउतार. पाण्यातले बायकार्बोनेट पीएचला धरून ठेवतात. आरओ नेमके तेच काढून टाकतो. मग पीएच घसरतो, दुकानदार "पीएच अप"ची बाटली विकतो, पुढच्या आठवड्यात "डाऊन"ची. आधी फुकटचा बफर फेकायचा आणि मग तोच बाटलीतून विकत आणायचा. याला काय म्हणावं?

आता हिशोब करू. २०० लिटरची टाकी, आठवड्याला पाव पाणी बदललं तर ५० लिटर. घरगुती आरओ एक लिटर देताना बऱ्याचदा दोन-तीन लिटर फेकतो. म्हणजे माशांसाठी आठवड्याला १००-१५० लिटर गटारात. २०१२-१३ आणि २०१६ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात लोक टँकरची वाट बघत उभे होते. त्या जिल्ह्यातल्या पोरांनी पुण्यात बसून हे करावं? राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा. तेही माणसांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल!

"मग मासे पाळूच नका ना," असं कुणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे. पण बदललेलं ५० लिटर पाणी वाया जायलाच हवं असं नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. कुंडीतल्या मिरचीला घाला, मिरची दुवा देईल :)

बोअरचं पाणी डोळे मिटून ओतायचं, असंही नाही. जिथे शेतात भरपूर युरिया पडतो तिथे बोअरमध्येच नायट्रेट सापडू शकतं, म्हणून आधी मोजा. रात्रभर एअर पंप लावून ठेवा. शहरात नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवा. आणि हे नीट लक्षात ठेवा: जास्त पीएचला अमोनिया जास्त विषारी होतो. २५ अंशाला, पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास. दहापट! म्हणून नवीन टाकीत फिल्टरचे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे द्या, दर रविवारी सगळी टाकी रिकामी करून घासू नका, आणि खाणं कमी टाका.

दुसरा गैरसमज भांडणांचा. मासे एकमेकांचे पंख फाडायला लागले की लोक बाटल्या आणतात. सिक्लिड भांडखोर असतात, ते हद्द राखणारे मासे आहेत. पण त्यावर उपाय औषध नाही, दगड आहे. एकमेकांची नजर अडेल असे दगड रचा, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा, नवीन मासा सोडताना दगडांची जागा बदला म्हणजे जुन्यांची हद्द मोडते. मासे वर येऊन धापा टाकत असतील, पंख मिटून कोपऱ्यात बसत असतील, तेव्हा मात्र पाणी तपासा. आणि मादी खात नाही, गाल फुगलेत, म्हणून "आजारी" ठरवून औषध ओतणाऱ्यांनो, जरा थांबा. ती तोंडात अंडी घेऊन असते, साधारण तीन आठवडे. बाईला बाळंतपणात उपाशी राहणं पुरेसं आहे, वर तुमचं औषध कशाला?

ऑफिसात प्रॉडक्शनला प्रॉब्लेम आला तर आपण आधी लॉग बघतो, एका वेळी एकच बदल करतो. घरी आल्यावर तीच अक्कल कुठे जाते? अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजायचा किट आणा, आकडे वहीत लिहा, मगच हात घाला.

असो, बरंच लांबलं. या वीकेंडला एवढंच करा: टाकीला जोडलेली आरओची नळी काढा. पण एकदम नको, मासे शॉकने मरतील. दर आठवड्याला थोडं थोडं बोअरचं पाणी वाढवत न्या. महिना-दोन महिन्यांनी आकडे कळवा.